पाय आखूड नव्हताच माझा

जांभई दिली की उजव्या कानापाशी टक् असा आवाज यायचा. सकाळी जबडा आंबलेला, भाकरी चावताना कानशिलापर्यंत कळ. वर्षभर अंगावर काढलं. मग एकदा मोबाईलवर 'जबडा दुखणे' शोधलं आणि रील्सचा पाऊसच सुरू झाला. पांढऱ्या कोटातला माणूस कुणाची तरी मान पिळतोय, कडाड् आवाज, आणि पेशंट उठून हसतोय. त्यातलंच एक कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हाताने मणके दाबून-झटकून उपचार करणारं, क्लिनिक ठाण्यात, आमच्या घराजवळच निघालं. पहिली तपासणी ९९ रुपये.

ती तपासणी सविस्तर सांगते, कारण खरी मेख तिथेच आहे. मला टेबलावर पालथं झोपवलं, बूट पायातच. टाचा हातात धरून जुळवल्या आणि ह्यांना जवळ बोलावलं. "बघा, उजवा पाय आखूड आहे." खरंच दिसत होता, चांगला बोटभर. पाठीवर दोन दणके, मानेला एक झटका, कडकड, पुन्हा टाचा जुळवल्या. आता सारख्या! ह्यांनी फोटो काढला. "कंबर तिरकी म्हणून मान तिरकी, मान तिरकी म्हणून जबडा सरकला." ऐकायला किती पटतं! २४ बैठकांचं पॅकेज ४८,०००. आजच्या आज भरले तर ३६,०००, वर घरातल्या एका ज्येष्ठाचे गुडघे फुकट. सासूबाईंचे गुडघे होतेच. तिथल्या तिथे यूपीआय केलं.

हातमोजा घालून तोंडात अंगठा खुपसायचे आणि जबडा खाली ओढायचे. संध्याकाळपर्यंत हलकं वाटायचं, सकाळी पुन्हा तेच. सातव्या बैठकीत मान जोरात फिरवली. परत येताना रिक्षातच गरगरायला लागलं, उलटी झाली. आमचे नेहमीचे डॉक्टर आधी तपासून मग चांगलेच ओरडले. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं अस्तर अशा झटक्याने क्वचित फाटतं, आणि मग पक्षाघातापर्यंत जाऊ शकतं. माझं सुदैवाने तसं काही नव्हतं. आणि तो कडकड आवाज? सांध्यातल्या पाण्यात वायूचा बुडबुडा होतो त्याचा. बोटं मोडताना येतो तोच. आता मी त्या क्लिनिकच्या नावाने फुकटात बोटं मोडते.

रात्री ह्यांना म्हटलं, तुम्ही करून बघा. बूट घालून पलंगावर पालथी पडले. एक पाऊल जरा वर ढकललं, दुसरं जरा ओढलं, की डावा आखूड. उलट केलं की उजवा. दोन मिनिटांत ह्यांना जमलं. तो फोटो मात्र अजून ह्यांच्या मोबाईलमध्ये आहे.

क्लिनिकच्या भिंतीवर '१८९५ पासूनचं अमेरिकन शास्त्र' असा बोर्ड होता. नंतर वाचलं. त्या वर्षी अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी पामर नावाच्या, 'चुंबकीय उपचार' म्हणून नुसत्या हातांनी आजार बरे करतो म्हणणाऱ्या गृहस्थांनी एका सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं असं सांगितलं. तिथून ही सुरुवात. म्हणजे बोर्ड खोटा नव्हता. कंबरदुखीत काहींना या उपचाराने आराम पडतो, आणि परदेशात काही वर्षं रीतसर शिकून आलेले लोकही आहेत. आमच्या क्लिनिकवाल्या 'डॉक्टरां'कडे मात्र शनिवार-रविवारच्या शिबिराचं प्रमाणपत्र निघालं. मी पैसे भरण्याआधी विचारलंच नव्हतं. फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या परिषदेकडे असते, नंबर मागता येतो. कायरोप्रॅक्टिकसाठी आपल्याकडे अशी स्वतंत्र परिषदच नाही.

शेवटी मुंबईला सरकारी दंत महाविद्यालयात गेले. तिथल्या डॉक्टर मॅडमनी कानापुढे बोटं ठेवून तोंड उघडायला लावलं, तीन बोटं उभी मावतात का पाहिलं, मग दात. "झोपेत दात खाता का?" मला काय माहीत! ह्यांना माहीत होतं. दात झिजलेले होते आणि दुखत होता तो चावण्याचा स्नायू. टक् आवाज सांध्यातली चकती जागची हलते त्याचा. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तर त्याला बहुधा काहीच करावं लागत नाही. ओला शेक, काही दिवस वरणभात, मऊ खिचडी, आणि रात्री दातांवर बसवायची पट्टी. दोन महिन्यांत दुखणं गेलं. आवाज आहे अजून.

राहिलेल्या १७ बैठकांचे पैसे मागितले तर पावतीमागे बारीक अक्षरात 'परतावा नाही'. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. त्यानंतर क्लिनिक १२,००० द्यायला तयार झालं, पण 'माझी काही तक्रार नाही' अशी सही हवी होती. दिली नाही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तिथे अर्ज केलाय.

सही अडवून धरली त्याला कारण आहे. पाचव्या बैठकीनंतर टेबलावरून उठताना क्लिनिकमधल्या मुलीने मोबाईल समोर धरून विचारलं होतं, "ताई, कसं वाटतंय?" मी हसून म्हणाले होते, "खूपच हलकं." ते रील काढा म्हणून तीनदा सांगितलं, अजून चालू आहे. परवा लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला बघितलं हो मोबाईलवर. आईच्या गुडघ्यांसाठी मीही पैसे भरून आले."