काउंट आपल्यासमोर काढणारी गाडी

डहाणूच्या खाडीलगत खाजणात आमची वनामी जातीच्या कोळंबीची तळी आहेत. या वेळी ज्या व्यापाऱ्याला माल दिला, त्याच्याबद्दल बाकीच्या तळेवाल्यांना सांगावंसं वाटतं.

फोनवर चढा भाव कुणीही सांगतो. पैसे ठरतात ते काउंटवर, किलोत नग किती बसतात त्यावर. ५० काउंटची कोळंबी २० ग्रॅमची, ४० काउंटची २५ ग्रॅमची, आणि दोन्हींच्या दरात चांगलाच फरक. म्हणून नमुना कोण उचलतो, हे मी आधी बघतो. पूर्वीच्या एका खरेदीदाराची माणसं बारीक कोळंबी निवडून मोजायची आणि हरकत घेतली की म्हणायची, "शेठ, प्लांटवर बघू," म्हणजे माल साफ करून गोठवणाऱ्या कारखान्यात. या वेळच्या व्यापाऱ्याच्या माणसांनी वेगवेगळ्या क्रेटमधून नमुना मलाच काढायला लावला. पाणी पूर्ण निथळू दिलं, किलोभर तोलून नग मोजले, सरासरी वहीत लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. अमावास्या-पौर्णिमेला कात टाकलेला मऊ माल जास्त निघतो, तेव्हा काढणी थोडी पुढे ढकला, हेही त्यांनीच सुचवलं. एवढा आपला विचार करणारा व्यापारी क्वचित भेटतो.

गाडी पहाटेच्या आधी आली, बर्फ भरून. जाळ्यातली कोळंबी थेट बर्फाच्या पाण्यात गेली. इथे बर्फ कमी पडला की माल डोक्याकडून काळा पडतो आणि प्लांटवर कपात आपल्याच पैशांत होते.

सगळ्यात मोठी गोष्ट, ठरलेला भाव बदलला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा तळ्यात जाळं पडल्यावर भाव पाडणारे एजंट मी पाहिलेत. तोवर तळ्याचं पाणी उपसलेलं असतं, माल परत सोडता येत नाही, शेतकरी पुरता अडकतो.

एक तक्रार आहे. टनाखालच्या मालाला ते गाडी पाठवत नाहीत, त्यामुळे एकच छोटं तळं असलेल्याची पंचाईत होते. शेजाऱ्याबरोबर एकाच दिवशी काढणी लावली तर जमतं. निम्मे पैसे जागेवर मिळाले, उरलेले आठवड्याच्या आत खात्यात आले.

त्यांना बोलावलंत तर प्रत्येक काउंटचा दर आदल्या दिवशीच लिहून घ्या. मागितलं की ते देतात.