क्रॅप्सची पास लाईन की रुलेटचा लाल-काळा?

दोन्हीकडे कॅसिनोचा वाटा (लावलेल्या रकमेतला सरासरी त्याच्याकडे जाणारा भाग) इतका बारीक आहे की नुसत्या टक्क्यांवरून निवड करू नये. क्रॅप्स हा दोन फाशांचा खेळ, पास लाईन ही त्यातली मुख्य पैज; तिच्यावर तो १.४१ टक्के. रुलेटच्या चाकावर गोळी लाल आकड्यावर थांबेल की काळ्या, ही लाल-काळ्याची पैज; चाकाला एकच शून्य असेल आणि ते आल्यावर या पैजेची अर्धी रक्कम परत मिळत असेल, तर १.३५. दर डावाला एक चिप लावून शंभर डाव खेळलात तर सरासरी दीड चिपही जात नाही, पण नशिबाचे हेलकावे दहा-दहा चिपांचे असतात. एका बैठकीत हा फरक कुणाला जाणवत असेल असं मला वाटत नाही. दहा हजार डावांनंतर तूट १३५ च्या घरात आणि हेलकावा शंभराच्या आसपास, तेव्हा कुठे हा टक्का दात दाखवतो.

म्हणून मी पाहिलं ते एवढंच, की वैताग कुठे जास्त येतो.

पास लाईनचा गोडवा पहिल्या दानातच. ३६ पैकी ८ दानं तुमची (७ किंवा ११), फक्त ४ कॅसिनोची (२, ३, १२). उरलेल्या २४ दानांत मात्र पडलेला आकडा 'पॉइंट' ठरतो, जिंकायला तो ७ च्या आधी पुन्हा पडावा लागतो, आणि पारडं फिरतं. ४ चा पॉइंट असेल तर ४ तीन प्रकारे पडतो, तुम्हाला बुडवणारा ७ सहा प्रकारे. आणि पैज मागे घेता येत नाही.

हे ताटकळणं मला सोसत नाही. पॉइंटही पडेना, ७ही पडेना. तेवढ्यात टेबलावरचा माणूस ओरडून मधल्या पैजा खपवत असतो. 'पुढचंच दान ७' या पैजेत कॅसिनोचा वाटा १६.६७ टक्के! पास लाईनवर जपून ठेवलेल्या चिपा इथेच संपताना मी पाहिल्यात.

आता क्रॅप्सवर अन्याय नको. पॉइंटनंतर लावायच्या 'ऑड्स' या जादा पैजेत कॅसिनोचा वाटा शून्य असतो. ४ वर खरोखर एकाला दोन मिळतात. ज्याला हात आवरून बसता येतं, त्याला कदाचित हेच आवडेल.

रुलेटवर गोळी थांबली की विषय संपला. डाव पटापट होतात, म्हणजे तो बारीक टक्का जास्त वेळा कापला जातो, हे खरं. पण पुढचा डाव सोडून नुसतं बघत बसता येतं, मागे काही अडकलेलं नसतं. मला तेवढं पुरतं.

अर्धी रक्कम परत देत नसतील तर मात्र वाटा २.७० वर जातो, दोन शून्यांच्या चाकावर ५.२६ वर. तसं चाक दिसलं तर मीही मुकाट्याने फाशांकडे वळतो.