टेक्सासात कुत्र्यांबरोबर रानडुकराची शिकार: आमचे ४,४४२ डॉलर कसे गेले

आम्हा चौघांचे मिळून ४,४४२ डॉलर गेले. हिशोब असा: पॅकेजचे माणशी ६५० प्रमाणे २,६००. ‘बाहेरच्या राज्यातल्यांच्या परवान्याचे’ माणशी ४८, म्हणजे १९२. ‘डुकराच्या टॅगचे’ (टॅग म्हणजे मारलेल्या जनावराला बांधायची नोंदीची पट्टी) माणशी २५, म्हणजे १००. कुत्र्यांची अनामत ४००, जी परत मिळणार होती आणि मिळाली नाही. सुळे दोन इंचांहून मोठे निघाले म्हणून ३००. आणि तुमचा बाण आमच्या कुत्र्याला लागला, असं दरडावून वर ८५०. न्यू जर्सीहून टेक्सासला जाण्यायेण्याचं विमानभाडं आणि मोटेलचा खर्च यात धरलेला नाही.

शिकार घडवून आणणाऱ्या माणसाचं आणि जागेचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. पद्धत मात्र सगळी सांगतो. असल्या जाहिराती आपल्या मराठी मंडळींच्या गटांतही फिरतात आणि धनुष्यबाण हाताळणारे बरेच जण आता त्यात आहेत.

आधी परवान्याचं, कारण तिथून सुरुवात झाली. १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासात खासगी जमिनीवर, मालकाची परवानगी असेल तर, रानडुकरासाठी शिकारीचा परवाना लागतच नाही. राज्यातल्याला लागत नाही, बाहेरच्यालाही लागत नाही. सरकारी जमिनीवर लागतो. टॅग हरणाला असतो, टर्कीला असतो, डुकराला नसतो. तिथल्या कायद्याच्या लेखी रानडुक्कर हा शिकारीचा प्राणीच नाही, ते उपद्रवी जनावर आहे. त्याला हंगाम नाही, किती मारावीत याला मर्यादा नाही, रात्रीही मारता येतं. पण बाहेरच्यांसाठी पाच दिवसांचा ४८ डॉलरचा एक परवाना राज्याच्या यादीत खरोखरच आहे. या माणसाने नेमका तोच आकडा सांगितला. यादी उघडून पाहणाऱ्याला आकडा जुळलेलाच दिसतो, मग शंका कुठून येणार? कागद म्हणून जे हातात आलं, ती साध्या प्रिंटरवर काढलेली चिठ्ठी होती. खासगी जमिनीवरच्या डुकरासाठी जो परवान्याचे किंवा टॅगचे पैसे मागतो, त्याच्याशी पुढे बोलूच नका.

आता मुख्य लबाडी. आमच्यासमोर आलेलं डुक्कर रानातलं नव्हतं. पिंजऱ्यात धरून आणलेलं, कुंपणाच्या कोपऱ्यात आधीच सोडून ठेवलेलं होतं.

लोक आता म्हणतात, एवढं कसं कळलं नाही? टेक्सासात वीस लाखांहून जास्त रानडुकरं आहेत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं आणि १९३० च्या दशकात हौसेखातर सोडलेली युरोपी रानडुकरं यांची ती मिसळ. शेतकरी मेटाकुटीला आलेत, या आणि मारा म्हणतात. अशा मुलुखात कोणी डुक्कर विकत आणून सोडेल, हे कोणाच्या डोक्यात येईल? कारण नंतर समजलं. खऱ्या पारधीत कुत्री रात्रभर वास काढत फिरतात आणि पहाटे रिकामी परततात, असं सर्रास होतं. विमानाने आलेल्या गिऱ्हाइकाला ‘शिकार नक्की’ अशी हमी द्यायची, अर्ध्या तासात उरकायचं आणि त्याच रात्री दुसरा गट घ्यायचा, तर पिंजराच हवा. जिवंत रानडुक्कर धरून दुसरीकडे नेऊन सोडायला तिथे कडक नियम आहेत. शिकारीसाठी ते फक्त नोंदणी झालेल्या, कुंपण घातलेल्या जागेतच सोडता येतं. ही जागा नोंदणी झालेली होती असा एकही कागद आम्हाला दाखवला गेला नाही.

लक्षात यायला हवं होतं ते कुत्री सोडली त्याच क्षणी. ती वेळ मनातून जात नाही. या शिकारीत दोन प्रकारची कुत्री असतात. बे डॉग वास काढतात, डुक्कर गाठतात, त्याच्याभोवती भुंकत त्याला एका जागी खिळवून ठेवतात. त्यात कॅटाहूला, ब्लॅक माउथ कर, प्लॉट हाउंड असतात. कॅच डॉग म्हणजे अमेरिकन बुलडॉग, पिट बुल, डोगो. ती कानाला धरून डुक्कर दाबून ठेवतात. चांगला कुत्रेवाला आधी ओल्या मातीतले खूर, उकरलेली जमीन, चिखलात लोळल्याच्या जागा, झाडाच्या बुंध्याला घासलेला चिखल पाहतो, वाऱ्याची दिशा घेतो, एखादंच अनुभवी कुत्रं पुढे सोडतो. मग कुत्र्यांच्या गळ्यातल्या गार्मिन कंपनीच्या जीपीएस पट्ट्यांमुळे हातातल्या यंत्रावर त्यांचा माग दिसत राहतो. तो माग कधीच सरळ नसतो. ती वळणं घेतात, ओढ्यापाशी गोंधळतात, मागे येतात, पुन्हा पसरतात.

इथे सगळी कुत्री एकाच फाटकातून एकदम सोडली. कोणी खूर पाहिले नाहीत, वारा पाहिला नाही. हातातल्या यंत्रावर साडेतीनशे यार्डांची ओढल्यासारखी सरळ रेघ उमटली आणि भुंकणं सुरू झालं. यंत्र जवळून पाहायला मागितलं, तर त्याने ते खिशात घातलं. तिथेच थांबायला हवं होतं, असं म्हणणं सोपं आहे. कुत्री भुंकायला लागली की अंधारात, काट्यांतून, कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात सगळे धावत असतात. त्या वेळी रेघेचा विचार कोणीही करत नाही, आणि फसवणारा नेमका त्याच गडबडीवर पोट भरतो.

माग पाहू देत नसेल, तर उरलेले पैसे देऊ नका.

पुढची खूण कॅच डॉगची. धनुष्याने मारायचं असेल तर कॅच डॉग दोरीलाच राहतो. कुत्रं डुकराला चिकटलेलं असताना बाण सोडत नाहीत. तेव्हा पुढच्या पायामागून सुरा चालवतात. बे डॉग सुद्धा रेषेतून बाजूला होईपर्यंत आणि डुकराच्या पलीकडे कुत्रं नाही याची खात्री होईपर्यंत थांबावं लागतं, कारण नीट लागलेला बाण आरपार जातो. या माणसाने बाण सुटायच्या आधीच कॅच डॉग सोडला, तोही केव्हलारचं (सहज न फाटणाऱ्या चिवट कापडाचं) जाकीट आणि गळपट्टा न घालता. सुळ्याच्या एका फटक्यात छाती फाटते, हे माहीत असलेला कुत्रेवाला असं करत नाही. त्याला माहीत होतं की जनावर थकलेलं आहे, मुसंडी मारणार नाही. आम्ही ओरडल्यावर कुत्रं मागे ओढलं.

बाण आमच्यातल्या एकाने नियमाप्रमाणेच सोडला. डुकराचं काळीज हरणापेक्षा खाली आणि पुढे असतं, दोन पुढच्या पायांमध्ये जवळजवळ. हरणासारखा मागे नेम धरला तर बाण पोटात जातो. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट ढाल असते, म्हणून तिरकं मागून, पुढच्या पायामागे, खालच्या एक-तृतीयांश भागात मारायचं. बाण वजनदार हवा, टोकासकट ५०० ग्रेनच्या (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं माप) पुढे. पातं पक्कं, दोन धारांचं. उघडणारी पाती ढालीवर अडतात. अंतर आठ-दहा यार्डच असतं, कधी त्याहूनही कमी, आणि अगदी जवळून वीस यार्डांच्या पिनेवर (धनुष्यावरच्या नेम धरायच्या खुणेवर) बाण खाली लागू शकतो, कारण बाणाची रेघ डोळ्याच्या रेघेखालून निघते. याचा सराव घरी करून जा. आमचा बाण आत शिरला, पलीकडच्या खांद्याच्या हाडात रुतला, डुक्कर पडताना दांडी मोडली. पातं जनावरातच राहिलं.

हे लक्षात ठेवा, कारण ८५० डॉलरचा मुद्दा इथेच आहे. बाण बाहेरच पडला नाही, तर कुत्र्याला लागला कसा? दाखवलेली जखम अर्धगोल फाटलेली होती, कडेला पिवळी खपली, भोवतीचे केस कापून पुन्हा खुंटासारखे वाढलेले. दोन धारांच्या पात्याची जखम सरळ चिरेसारखी असते आणि ताज्या जखमेला खपली नसते. आम्ही हे बोलून दाखवलं. तेव्हा दोन गाड्या फाटकाला आडव्या लावल्या होत्या आणि गाड्यांजवळ त्याची चार माणसं उभी होती. पैसे दिले. कोणीही दिले असते. जनावरांच्या डॉक्टरचं बिल मागितलं, ‘नंतर पाठवतो’ म्हणाला. कुत्र्याच्या जखमेचे पैसे दवाखान्याच्या नावाचं बिल बघितल्याशिवाय कधीच देऊ नका, आणि अंगावर रोकड तर ठेवूच नका.

आता डुक्कर. नाकाडावर आडवा सोललेला गुलाबी पट्टा, पिंजऱ्याच्या जाळीवर धडका मारून होतो तसा. उजव्या कानात गोल, नीट कडेचं भोक, बिल्ला काढल्यासारखं. अंगावर चिखलाचा थर नाही. नर होता आणि खच्ची केलेला होता. यावर एक सांगतो: खच्ची नर सापडला म्हणजे लगेच फसवणूक असं समजू नका. नर धरून, खच्ची करून, तिथेच सोडून मोठा होऊ देण्याची टेक्सासात जुनी रीत आहे. त्या माणसाचंही उत्तर तेच होतं. पण पोट फाडल्यावर आत निव्वळ आंबलेला मका निघाला; मुळं नाहीत, ओकची फळं नाहीत, गवत नाही. आंबवलेला मका हे पिंजऱ्यातलं नेहमीचं आमिष आहे. साफ करताना हातमोजे घालाच, ब्रुसेलाचे जंतू रक्तातून माणसात येतात, आणि मांस १६० अंश फॅरनहाइटपर्यंत शिजवा.

तक्रारीचं काय झालं ते आता सांगतो. शेरिफच्या (तिथल्या पोलीस प्रमुखाच्या) कचेरीत ऐकून घेतलं आणि म्हणाले, हा दिवाणी मामला आहे. गाड्या आडव्या लावून पैसे घेतले हा दिवाणी मामला कसा? तर म्हणे, तुम्ही स्वतःच्या हाताने दिलेत. वन्यप्राण्यांचं काम पाहणाऱ्यांकडे गेलो, तर डुक्कर आमच्या यादीतला प्राणी नाही. मग परवान्याच्या नावाखाली १९२ डॉलर घेतले, ते? ते पैसे खासगी माणसाने घेतलेत, आमच्याकडे आलेलेच नाहीत. तिसऱ्या कचेरीत डुक्कर दुसरीकडून आणल्याचा पुरावा मागितला. ट्रकमध्ये चढवताना आम्ही उभे होतो का? फोनवर तासन्‌तास संगीत ऐकवून शेवटी एक ईमेल पत्ता मिळाला, त्यावरून आपोआप उत्तर आलं, आणि पुढे काहीही नाही. बँकेने सांगितलं, पैसे तुम्हीच मंजूर केलेत, त्यामुळे परत नाहीत. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि तो माणूस त्याच फाटकातून पुढच्या गटाकडून पैसे घेत असणार. या लोकांना पगार कशाचा मिळतो?

पॅकेजचे अर्धे पैसे, १,३०० डॉलर, फोनवरून थेट खात्यात गेले होते, उरलेले फाटकावर रोख. ‘कार्डाचं यंत्र बंद आहे’ असं म्हणाला होता. कार्ड घेत नसेल तर जाऊ नका. क्रेडिट कार्डावर लेखी हरकत घेता येते, पण बिल निघाल्यापासून साठ दिवसांच्या आत. फोनवरून पाठवलेले पैसे परत येत नाहीत.

जमिनीच्या मालकाची लेखी परवानगी आधी मागा आणि मालकाशी स्वतः बोला. झाडांवर किंवा खांबांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले तर ती टेक्सासात ‘आत येऊ नका’ अशी कायदेशीर खूण आहे. कुत्री पलीकडे गेली तरी तुम्ही जायचं नाही. आणि महाराष्ट्रात कोणी असल्या शिकारीची सहल विकत असेल, तर तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तुम्हालाही गुन्ह्यात ओढतो आहे.

आम्ही ग्राहक कायद्याखाली ६० दिवसांची लेखी नोटीस पाठवली आहे. तिथल्या जस्टिस कोर्टात (छोट्या दाव्यांच्या न्यायालयात) २०,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो, तो लावणार. ज्यांचे पैसे याच पद्धतीने गेले असतील त्यांनी चिठ्ठ्या, फोनवरचे निरोप आणि फोटो जपून ठेवावेत, विशेषतः नाकाडाचा, कानाचा आणि पोटातल्या मक्याचा. आमच्याकडे कानाचा आणि नाकाडाचा आहे. मक्याचा काढता आला नाही, कारण फोन बाहेर काढेपर्यंत त्याच्या माणसाने कोथळा उचलून ओढ्यात भिरकावला होता.