अमेरिकेतून आणलेला आयफोन १७ प्रो: फोन फक्कड, सिमचा घोळ

अमेरिकेतून कुणी येणार असलं की घरोघरी हाच प्रश्न निघतो: आयफोन मागवायचा का? उत्तर मॉडेलवर अवलंबून आहे. प्रो असेल तर मागवा, साधा १७ असेल तर इथेच घ्या. आणि बँकेला जोडलेला नंबर त्या फोनमध्ये टाकण्याआधी पुढचं वाचा.

पैशांचा हिशेब बाजारात आला तेव्हाच्या किमतींवर करू. १७ प्रो तिकडे १०९९ डॉलर. ही किंमत विक्रीकराशिवायची असते. न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के कर धरला तर ११७२ डॉलर होतात, म्हणजे ९० रुपयांच्या दराने सुमारे १ लाख ५ हजार ५००. भारतात त्याचे १,३४,९००. फरक २९ हजारांच्या वर. साधा १७ मात्र तिकडे करासह ८५२ डॉलर, म्हणजे ७६,७००, आणि इथे ८२,९००. जेमतेम सहा हजार वाचतात, तेही इथल्या बँक कॅशबॅकमध्ये आणि जुन्या फोनच्या एक्स्चेंजमध्ये वसूल होतात. भारतीय क्रेडिट कार्डाने पैसे भरले तर परकीय चलनाचा आकार वेगळा. नवा कोरा प्रो आणताना बॅगेज सवलतीची (ड्युटी न भरता आणता येणाऱ्या सामानाची) मर्यादा प्रवासाआधी पाहून घ्या. ड्युटी भरावी लागली तर तीही याच हिशेबात धरायची.

खरेदीत एकच चूक सगळं घालवते: लॉक असलेला, म्हणजे एकाच मोबाइल कंपनीच्या सिमवर चालणारा फोन. ॲपलच्या दुकानात किंवा साइटवर पूर्ण पैसे भरून, ‘कनेक्ट टू एनी कॅरियर लेटर’ हा पर्याय निवडून घेतलेला फोन पहिल्या दिवसापासून मोकळा असतो. मोबाइल कंपनीच्या हप्त्यावर घेतलेला नसतो. एटी अँड टीकडे सगळे हप्ते फिटलेले असावे लागतात आणि फोन त्यांच्या नेटवर्कवर किमान ६० दिवस चाललेला असावा लागतो. थँक्सगिव्हिंगच्या सुमारास ‘फुकट’ मिळणारा आयफोन बहुधा याच प्रकारातला, त्याची सूट दोन-तीन वर्षांच्या बिलांत थोडी थोडी परत येते. तो भारतात आणला तर फक्त वाय-फायवर चालणारा महागडा कॅमेरा हातात राहतो. तपासायचं असं: सेटिंग्ज, जनरल, अबाउट, आणि खाली ‘कॅरियर लॉक’. तिथे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसलं पाहिजे. देणाऱ्याला विमानात बसण्याआधी या पानाचा स्क्रीनशॉट पाठवायला सांगा, संकोच करू नका. पूर्वी बाजारात लॉक फोनसाठी सिमखाली सरकवायची एक पातळ चिप मिळायची. इथे ती चालणार नाही, कारण सरकवायला सिमचा ट्रेच नाही.

होय, ट्रेच नाही. २०२२ मधल्या आयफोन १४ पासून अमेरिकी मॉडेल फक्त ई-सिमवर, म्हणजे फोनच्या आतच असलेल्या, काढता न येणाऱ्या सिमवर चालतात. १७ च्या पिढीत कॅनडा, मेक्सिको, जपान, अमिराती, सौदी, कतार, कुवेत, ओमान आणि बहारीनचे फोनही त्याच वाटेने गेले, त्यामुळे दुबईहून आणला तर ट्रे मिळतो हा जुना ठोकताळा आता विसरा. खोक्यावरचा पार्ट नंबर पाहिला की कळतं: शेवटी ‘एलएल/ए’ म्हणजे अमेरिका, ‘एचएन/ए’ म्हणजे भारत. ट्रेची जागा ॲपलने प्रोमध्ये बॅटरीला दिली. भारतीय १७ प्रोची बॅटरी ३९८८ एमएएच, अमेरिकी ४२५२. ॲपलच्याच आकड्यांनुसार व्हिडिओ ३१ तासांऐवजी ३३ तास. साध्या १७ मध्ये हा फायदा नाही, तो न मागवण्याचं हे आणखी एक कारण.

नेटवर्कची धास्ती मात्र अनाठायी आहे. आपल्याकडे ५जी मुख्यतः एन७८ बँडवर चालतं, जिओ एन२८ सुद्धा वापरतं. ४जीला बँड ३, ५, ८, ४० आणि ४१ लागतात. अमेरिकी आयफोनमध्ये हे सगळे आहेत. जिओवर २जी-३जी नसल्यामुळे व्होल्टी (४जीवरून कॉल करण्याची सोय) नसलेला फोन तिथे साधा कॉलही लावू शकत नाही. आयफोनमध्ये ती अडचण येत नाही, भारतीय सिम बसलं की कंपनीची सेटिंग आपोआप उतरते. परदेशी अँड्रॉइडच्या बाबतीत हे गृहीत धरू नका. गूगलचे जे पिक्सेल फोन भारतात अधिकृतपणे विकलेच गेले नाहीत, त्यांत व्होल्टी आणि ५जी चालू करायला नाना खटपटी कराव्या लागतात.

आता घोळाकडे. भारतीय नंबर ई-सिमवर नेण्याची विनंती त्याच नंबरच्या चालू सिमवरून, भारतात असतानाच करा. परदेशातून १२१ किंवा १९९ ला संदेश जाईलच असा भरवसा नाही. एअरटेलला इंग्रजी अक्षरांत ‘eSIM’ आणि जागा सोडून नोंदणीकृत ईमेल असा एसएमएस १२१ वर. उत्तर आलं की ६० सेकंदांत १ पाठवायचा, चहा ठेवायला उठलात तर पुन्हा पहिल्यापासून. मग संमतीसाठी फोन येतो आणि क्यूआर कोड ईमेलवर. व्हीआयचं तसंच, फक्त नंबर १९९ आणि होकाराचा शब्द वेगळा, तो त्यांच्या उत्तरातच असतो. जिओला नव्या फोनचा ३२ अंकी ईआयडी (ई-सिमचा ओळख क्रमांक) आणि १५ अंकी आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) द्यावा लागतो. *#०६# दाबलं की दोन्ही दिसतात. दोन आयएमईआय दिसले तर पहिला द्यायचा. ईआयडी हाताने टाइप करू नका, एक आकडा चुकला की विनंती फेटाळली जाते. तिन्ही कंपन्यांत ईमेल आधी नोंदवलेला नसेल तर ते काम अगोदर उरका.

क्यूआर स्कॅन करताना नव्या फोनला वाय-फाय लागतं, कारण त्यात अजून नेटवर्कच नसतं. क्यूआर दुसऱ्या पडद्यावर उघडा, किंवा त्याच फोनच्या मेलमध्ये चित्रावर बोट दाबून धरा, ‘ॲड ई-सिम’ येतं. क्यूआर सहसा एकदाच चालतो. ‘बघू तरी’ म्हणून जुन्या फोनवर स्कॅन केला, किंवा बसवलेलं ई-सिम डिलीट केलं, तर नवीन विनंती.

आणि इथेच लोक फसतात. सिम बदललं की फसवणूक टाळण्यासाठी त्या नंबरचे एसएमएस २४ तास बंद असतात, येणारेही आणि जाणारेही. कॉल चालतात, डेटा चालतो, म्हणून सगळं झालं असं वाटतं, पण ओटीपी येत नाही. यूपीआय ॲप नव्या फोनला नंबर जोडताना स्वतः एक एसएमएस पाठवतं, तोही जात नाही. ॲप पुन्हा पुन्हा उडवून बसवण्यात अर्थ नाही, उद्यापर्यंत थांबायचं. त्यानंतरही नव्या आयफोनवर बऱ्याच बँका ७२ तासांपर्यंत यूपीआयला ५,००० रुपयांची मर्यादा घालतात. तेव्हा घरभाडं, शाळेची फी, लग्नाची खरेदी ज्या आठवड्यात आहे त्यात सिम बदलू नका. आयमेसेजचं ‘वेटिंग फॉर ॲक्टिव्हेशन’ही याच कारणाने अडकतं. ते गुपचूप एक आंतरराष्ट्रीय एसएमएस पाठवतं, त्यासाठी प्रीपेडमध्ये थोडी टॉकटाइम शिल्लक हवी.

ई-सिमचा खरा त्रास पहिल्या दिवशी जाणवत नाही. फोन पाण्यात पडून बंद झाला तर ट्रेवाल्याने सिम काढून आईच्या फोनमध्ये टाकावं आणि पाच मिनिटांत ओटीपी घ्यावा. अमेरिकी प्रोवाल्याने आधार घेऊन कंपनीच्या दुकानात जावं आणि वर पुन्हा ते २४ तास. म्हणून बँक आणि आधारला जोडलेला नंबर प्लॅस्टिकच्या सिमवर, घरातल्या जुन्या फोनमध्ये ठेवा. रोजचा नंबर आयफोनमध्ये चालेल.

अमेरिकेत राहून भारतीय नंबर जिवंत ठेवणाऱ्यांना मात्र हाच फोन सोयीचा. आठ किंवा जास्त ई-सिम साठवता येतात, त्यांतली दोन एका वेळी चालू. रोमिंगमध्ये येणारा एसएमएस फुकट असतो, पण भारतीय लाइनला रोमिंग सुरू आणि वैधता शिल्लक हवी. त्या लाइनचं डेटा रोमिंग बंद करा आणि ‘अलाउ सेल्युलर डेटा स्विचिंग’ही बंद करा. हे दुसरं बटण विसरलात तर मुख्य लाइनचं नेटवर्क जाताच फोन भारतीय सिमचा डेटा ओढू शकतो.

दुरुस्तीचं: आयफोनची वॉरंटी सेवा मूळ विक्रीच्या देशापुरती ठेवण्याचा हक्क ॲपलच्या अटींत राखलेला आहे. बीकेसी किंवा कोरेगाव पार्कच्या दुकानात जाण्याआधी मॉडेल नंबर सांगून विचारा, विशेषतः बॅटरीसाठी, कारण प्रोची अमेरिकी बॅटरी वेगळी आहे. फोन अख्खा बदलून मिळण्याची वेळ आली तर भारतात तसलं मॉडेल विकलंच जात नाही, हे लक्षात असू द्या. बिल मात्र जपून ठेवा.

ॲप स्टोअरचा देश अमेरिका असेल तर काही भारतीय बँकांची ॲप दिसत नाहीत. देश बदलण्याआधी खात्यातली शिल्लक शून्य करावी लागते आणि चालू सबस्क्रिप्शन बंद करून मुदत संपू द्यावी लागते. उपग्रहावरून मदत मागण्याची सोय इथे चालत नाही. खोक्यात चार्जर नसतोच, वेगळा घेणार असाल तर तिकडून आणू नका. व्होल्टेज त्याला चालतं, पण चपट्या पिना आपल्या सॉकेटमध्ये सैल बसतात आणि ठिणग्या उडतात. भारतीय पिनेचा २० वॉट किंवा त्यावरचा टाइप-सी घ्या.