८५ ते ८९ की ९१ ते ९५? अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं सॅचुरेशन ठरवताना

मुंबईच्या उपनगरांत एखादा छोटा एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, सुरू करणाऱ्या बालरोगतज्ज्ञांसाठी हे लिहिते आहे. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ काचेत आलं की मॉनिटरचे अलार्म कुठे लावायचे, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी (सॅचुरेशन) ८५ ते ८९ या कमी पातळीत ठेवायची की ९१ ते ९५ या जास्त पातळीत, हे तुम्हालाच ठरवायचं असतं. माझं मत ९१ ते ९५ च्या बाजूने आहे, पण त्याला अटी आहेत.

कमी पातळीकडे ओढा असण्याला कारण आहे. एकेकाळी या बाळांना सढळ हाताने ऑक्सिजन दिला जायचा आणि त्यातून कित्येकांची दृष्टी गेली. १९५० च्या दशकात हा संबंध सिद्ध झाल्यावर ऑक्सिजनवर कडक बंधनं आली. आंधळेपण घटलं, पण श्वासाच्या त्रासाने दगावणारी बाळं वाढली. डोळे की जीव, हा पेच तेव्हापासूनचा.

त्याचं खरं मोजमाप झालं ते या दोन पातळ्यांची तुलना करणाऱ्या, अमेरिकेतल्या 'सपोर्ट' (२०१०), ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधल्या 'बूस्ट-टू' आणि कॅनडाप्रणीत 'सीओटी' या चाचण्यांत. 'सीओटी'मध्ये मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. २०१८ मध्ये या सगळ्या चाचण्यांतल्या ४,९६५ बाळांची माहिती एकत्र तपासली गेली. मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व असा एकत्रित निकष घेतला तर दोन्ही पातळ्या जवळपास सारख्या: कमी पातळीत ५३.५ आणि जास्त पातळीत ५१.६ टक्के. एवढंच वाचून 'काहीही चालतं' म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही, कारण सुटे आकडे वेगळं बोलतात. कमी पातळीत १९.९ टक्के बाळं दगावली, जास्त पातळीत १७.१. म्हणजे हजारामागे २८ जीव. आतड्यांचा गंभीर आजार, एनईसी, कमी पातळीत ९.२ टक्के, जास्त पातळीत ६.९. उलट आरओपीसाठी, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणाऱ्या डोळ्याच्या पडद्याच्या आजारासाठी, उपचार लागण्याचं प्रमाण कमी पातळीत १०.९ आणि जास्त पातळीत १४.९ टक्के. अंधत्वात मात्र ठळक फरक नव्हता. आरओपी वेळेवर सापडली तर लेझरने किंवा इंजेक्शनने बहुतेकदा आवरता येते. दगावलेल्या बाळासाठी आपल्या हातात काही उरत नाही. माझा कौल इथेच ठरतो.

चाचण्यांची एक मर्यादा ध्यानात ठेवा. मुद्दाम बदललेले आकडे दाखवणारे ऑक्सिमीटर वापरूनही कमी गटातली बाळं बराच वेळ ८९ च्या वरच होती. कागदावरची पातळी आणि बाळाच्या रक्तातली पातळी यांत अंतर पडतंच. एका सिस्टरकडे चार-पाच बाळं असतील तर ते आणखी वाढतं.

म्हणून पहिली अट वरच्या अलार्मची. बाळ ऑक्सिजनवर असेल तोवर तो ९५ लाच हवा, आणि आवाजाचा त्रास होतो म्हणून बंद करायचा नाही. ९५ च्या पुढे रक्तातला ऑक्सिजन थोडा जास्त आहे की घातक इतका, हे ऑक्सिमीटर सांगू शकत नाही. बाळ साध्या हवेवर ९८ दाखवत असेल तर काळजी नाही. हवा आणि ऑक्सिजन हव्या त्या प्रमाणात मिसळणारा ब्लेंडर नसेल आणि सिलिंडरमधून थेट शंभर टक्के ऑक्सिजन जात असेल, तर ही चर्चाच व्यर्थ. अशा वेळी बाळ लवकर मोठ्या केंद्रात हलवावं.

एनईसीसाठी सॅचुरेशनइतकंच आईचं दूध महत्त्वाचं. ते कमी पडलं तर दूध पेढीचं दूध मिळवा. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी १९८९ मध्ये आपल्याच सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. मुंबईत राहून तिचा विचारही न करणं मला अक्षम्य वाटतं.

आईवडिलांशी पहिल्याच दिवशी बोला. कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आले आणि ९४ च्या खाली म्हणजे धोका, हे डोक्यात पक्कं बसलं. काचेतल्या लेकराचा आकडा ९१ पाहून त्यांचा जीव कासावीस होतो. मोठ्यांचा नियम या बाळांना लागू नाही, हे त्यांना शांतपणे समजवा.

दुसरी अट डोळ्यांच्या तपासणीची, आणि ती पाळता येणार नसेल तर जास्त पातळी निवडण्याचा हक्क आपल्याला नाही. भारतात ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २,००० ग्रॅमपेक्षा हलक्या बाळाची पहिली तपासणी चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी. २८ आठवड्यांआधीच्या किंवा १,२०० ग्रॅमखालच्या बाळाची दोन ते तीन आठवड्यांतच. गफलत होते ती पुढच्या तपासण्यांत. सुट्टी मिळाली की आई बाळाला घेऊन माहेरी कोकणात नाहीतर घाटावर जाते आणि तारीख राहून जाते. डिस्चार्जच्या कागदावर पुढची तारीख आणि गावाजवळच्या डोळ्यांच्या केंद्राचं नाव मराठीत लिहून द्या, आणि आईच्या नंबरसोबत आजीचाही घ्या.