गांधीजींचा उजवा हात आणि डावा हात

नोव्हेंबर 1909. लंडनहून दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्या किल्डोनन कॅसल जहाजावर गांधीजी गुजरातीत ‘हिंद स्वराज’ लिहीत होते. उजवा हात थकला की लेखणी डाव्या हातात जाई. दहा दिवसांत 275 पानं झाली, त्यातली सुमारे 40 डाव्या हाताची. हे हस्तलिखित छायाप्रतीच्या रूपात छापलेलं आहे, त्यामुळे दोन्ही हात शेजारी ठेवून बघता येतात.

उजवा हात घाईचा आहे. विचार पुढे पळतोय आणि अक्षर मागून धावतंय, असं वाटतं. आपलं अक्षर वाईट आहे याची खंत गांधीजींना आयुष्यभर राहिली. आफ्रिकेत वकिलांचं मोत्यासारखं अक्षर पाहून त्यांना लाज वाटली, पण तोवर हात वळायचा राहून गेला होता. म्हणूनच मुलांना अक्षरं गिरवायला लावण्याआधी चित्रकला शिकवावी, असं ते सांगत.

डावा हात सावकाश चालतो. सवय नसल्यामुळे प्रत्येक अक्षर जपून काढलेलं. वाचायला मला तोच सोपा जातो, आणि तोच जास्त आवडतो.

सहीची गोष्ट निराळी. इंग्रजी पत्रांखाली ‘एम. के. गांधी’, जवळच्यांना ‘बापूके आशीर्वाद’. पुढे अनोळखी माणसाने सही मागितली की ते हरिजन फंडासाठी पाच रुपये मागत.