सेंटर-एक्स: माझ्या नळीला मानवलेला लॉट

परवा माझ्या रायफलीच्या लापुआ सेंटर-एक्स काडतुसांच्या लॉटचं (कारखान्यात एकत्र बनलेल्या, एकच नंबर असलेल्या काडतुसांच्या गटाचं) शेवटचं पाकीट फोडलं आणि खरंच हळहळले. दोन मोसम याच लॉटवर ५० मीटर प्रोन (पोटावर झोपून नेमबाजी) खेळले. आता नवा लॉट शोधायचा आहे, म्हणून जुना कसा सापडला ते लिहून ठेवते.

पॉइंट टू टू (०.२२ इंची) रिमफायरचं काडतूस घरी भरता येत नाही, कारखान्यातून येईल तेच वापरायचं. ठिणगी देणारं मिश्रण केसच्या (काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या) तळाच्या पोकळ कडेत असतं. ते कडेभर सारखं पसरलं नाही, तर दारू दर वेळी सारखी पेटत नाही आणि गोळीचा वेग बदलतो. सेंटर-एक्सची गोळी ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅम), तिचा सांगितलेला वेग सेकंदाला ३२७ मीटर. त्यात १० मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर गोळी साधारण ७ मिलिमीटर वरखाली होते. दहाचं वर्तुळच १०.४ मिलिमीटरचं! म्हणजे श्वास, ट्रिगर सगळं जमलं तरी किंचित खाली गेलेला १०.३ गुणांचा शॉट थेट ९.४ होऊन बसतो. हे सामन्यात घडलं की नेमबाज स्वतःलाच दोष देतो. मीही वर्षभर दिला.

त्या वर्षी एका मैत्रिणीच्या रायफलीत सुरेख चालणारा, सर्वांत महाग श्रेणीचा लॉट मी चाचणी न घेता ५०० काडतुसं एकदम घेतला होता. माझ्या नळीतून त्याच्या गोळ्या वरखाली पसरायच्या. त्याच पाकिटातल्या गोळ्या तिच्या नळीतून एका भोकात जात होत्या.

मग शिस्तीत बसले. पाच लॉट, प्रत्येकी दोन पाकिटं, रेस्टवर (रायफल टेकवायच्या आधारावर), वारा पडलेल्या सकाळी. लॉट बदलला की पहिले २० शॉट मोजायचे नाहीत, कारण प्रत्येक कंपनीचं वंगण वेगळं असतं आणि नळीत आधीच्याचा थर असतो. त्यानंतर दहा-दहा शॉटचे चार ग्रुप (एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचे पुंजके), एकावर एक ठेवून बघायचे. पाच शॉटच्या ग्रुपवर कृपया भाळू नका. माझा सर्वांत देखणा पाच शॉटचा ग्रुप चौथ्या क्रमांकावर आलेल्या लॉटचा होता.

पहिला आला सेंटर-एक्सचा एक लॉट: ४० शॉट १३ मिलिमीटरमध्ये. सेंटर-एक्सचाच दुसरा लॉट १७ वर गेला. दुसऱ्या कुणाच्या नळीत नेमकं उलट होऊ शकेल. म्हणून कुणी 'कोणती अ‍ॅम्युनिशन चांगली?' विचारलं की मी लॉट नंबर विचारते.

चाचणी झाली त्याच दिवशी विक्रेत्याला फोन करून तेवढा लॉट राखून ठेवायला सांगितलं. चार दिवस थांबलात तर तो संपलेला असतो. परवान्याच्या मर्यादेत जितका घेता येईल तितका घ्या. माल हातात आला की प्रत्येक पाकिटावरचा नंबर वाचा. मला एकदा एका विक्रेत्याकडून ५०० च्या गठ्ठ्यात तीन पाकिटं भलत्याच लॉटची आली होती. सील तसंच असल्यामुळे बदलून मिळाली.

एली या दुसऱ्या कंपनीच्या टेनेक्स काडतुसांच्या पाकिटावर लॉटचा वेगही छापलेला असतो, ते मला फार आवडतं. आवडता लॉट संपला की त्याच्या जवळच्या वेगाचे लॉट आधी चाचणीला घेता येतात. चाचणी मात्र टळत नाही.

वजन करून आणि कडेची जाडी मोजून काडतुसं निवडण्याचे प्रयोगही केले. आठवडाभर संध्याकाळी वहीत आकडे लिहीत बसले. मॅच दर्जाच्या काडतुसांत मला त्याने काहीच फरक दिसला नाही. त्या संध्याकाळी ड्राय फायरिंग (काडतूस न भरता ट्रिगर दाबायचा सराव) केलं असतं तर जास्त कमावलं असतं.

सरावाला मी एसके स्टँडर्ड प्लस काडतुसं वापरते. सामन्याच्या आठवड्यात मात्र फक्त सामन्याचाच लॉट.

नव्या तीन लॉटची पाकिटं येऊन पडली आहेत. जुन्या लॉटची ३० काडतुसं वेगळी काढून ठेवलीत. रविवारी रेस्टवर बसेन तेव्हा आधी तीच झाडेन. २० नळीला, १० ग्रुपला. नव्यांना मोजायचं ते त्या ग्रुपशी.